हाकेचा प्रश्न

बाथरूमच्या दाराची कडी भरतेशनं फिरवली आणि ती नुसतीच फिरत राहिली. जरा जोर लावला तेव्हा तिची मूठ निघून हातात आली आणि दार होतं तसंच बंद राहिलं. त्यानं मूठ परत भोकात बसवली, उलटी फिरवली, सुलटी फिरवली, आणि मग साबणाशेजारी नीट ठेवून दिली. कमरेला पंचा, अंग अजून ओलं, चष्मा बाहेर बेसिनवर आणि फोन त्याच्याही पलीकडे जेवणाच्या टेबलावर. पहिल्यांदा त्याला हसूच आलं. सांगली आणि सातारा, दोन जिल्ह्यांतल्या माणसांचं बरं-वाईट मोजायला निघालेल्या विद्यापीठाच्या प्रकल्पाचे प्रमुख डॉ. भरतेश चौगुले ऐन सांगलीच्या विश्रामबागेत, स्वतःच्या घरात, स्वतःच्याच बाथरूममध्ये कोंडले गेले होते. दीपालीला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसेल असं वाटलं आणि सवयीनं त्यानं हाक मारली, "अगं!"

ओ आली नाही. यायची नव्हतीच. दीपाली पुण्याला, लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. बारसं झाल्याशिवाय काही ती परतत नव्हती. त्याला आठवेना की तिला नावानं हाक आपण शेवटची कधी मारली. शेवटची कशाला, पहिलीही आठवेना. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पुढे सगळा संसार त्या एका 'अगं'वर चालला. चहा हवा असला की अगं, किल्ली सापडत नसली की अगं, बातम्यांत काही बघण्यासारखं लागलं की अगं. त्यातला प्रत्येक 'अगं' वेगळा असायचा आणि तिला तो बरोबर कळायचा. ती आतून येताना कधी किल्लीच घेऊन यायची. आता तोच शब्द फरशांवर आपटून त्याच्याच कानात परत आला. तो चार भिंतींत फारच मोठ्यानं ऐकू आला आणि भरतेश थोडा ओशाळला.

मग त्यानं शांतपणे विचार केला, कारण शांतपणे विचार करण्याचाच तो पगार घेत होता. कामाच्या मावशी जत्रेला गावी गेल्या होत्या. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो, तो बेलसुद्धा वाजवत नाही. सातारच्या कॉलेजात अहवालाची शेवटची बैठक होती. तिथं जयराज, प्रकल्पाचं संख्याशास्त्र सांभाळणारा तरुण प्राध्यापक, आधी वाट बघेल, मग फोन करेल, मग सर गाडी चालवत असतील म्हणेल आणि बैठक सुरू करेल. संध्याकाळी दीपाली फोन करेल. उचलला नाही तर साताऱ्यात मुक्काम पडला असं समजेल, कारण पूर्वी दोनदा तसं झालं होतं आणि दोन्ही वेळा त्यानं कळवलं नव्हतं. म्हणजे आपण नाही हे कुणाच्या लक्षात यायला उद्याचा दिवस उजाडेल, कदाचित परवाचा. त्याला साखरेचा त्रास होता. गोळी घेऊन झाली होती आणि आंघोळीनंतर खायचे पोहे बाहेर झाकून ठेवले होते. इथं मात्र त्याचं हसू मावळलं. पोटात काही नसताना गोळी काय करते हे त्याला माहीत होतं. एकदा कुंडलच्या एसटी स्टँडवर तो घाम फुटून खाली बसला होता आणि कुणीतरी तोंडात गूळ कोंबला होता. इथं गूळ कोण कोंबणार? खिडकी म्हणजे वर हातभर रुंदीची झडप, तीही पाइपांच्या डक्टात उघडणारी. बादली उपडी करून तो तिच्यावर उभा राहिला, तोंड झडपेला लावलं आणि ओरडला, "कुणी आहे का?" डक्टात पारवे फडफडले. "कुणी आहे का?" खालून कुठून तरी नळाचा आवाज येत होता, तो क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

गंमत अशी की आजची बैठक हाकेबद्दलच होती. लोकांच्या मनाचं स्वास्थ्य मोजणाऱ्या इंग्रजी प्रश्नावलीत एक प्रश्न असा होता की अडचणीत तुम्ही कुणाकडे वळू शकता. प्रकल्पातल्या बाकीच्यांनी त्याचं 'आपणांस कोणाचा आधार उपलब्ध आहे' असं सरकारी मराठी केलं होतं. भरतेशनं ते खोडलं आणि लिहिलं, 'रात्री-अपरात्री अडचण आली तर पहिली हाक कुणाला माराल?' त्या वाक्याचा त्याला अभिमान होता. त्यात मातीचा वास आहे असं तो भाषणात म्हणायचा आणि समोरचे माना डोलवायचे. पण गावोगाव गेल्यावर त्या वाक्यानं घोळ घातला. लोकांनी हाक म्हणजे हाकच धरली. जिथवर आवाज जातो तिथवरची माणसं त्यांनी सांगितली. पुण्यात नोकरीला असलेली मुलं, रोज फोन करणाऱ्या लेकी, पैसे पाठवणारे भाऊ, कुणाचंच नाव नाही. कराडलगतच्या मलकापुरात अपार्टमेंटवाल्यांनी विचारलं, हाक कशाला, मोबाइल आहे की. आटपाडीकडच्या एका वस्तीवर राहीबाई नावाची म्हातारी म्हणाली, "हाक मारून काय करू? कुत्रं तेवढं येतंय," आणि बोळक्या तोंडानं इतकी हसली की विचारणाऱ्या मुलीला तिच्यासमोर काही लिहिणं अवघड गेलं.

आणि कुंडलची बनुबाई. तिच्याकडे तो स्वतः गेला होता. ओसरीवर शेंगा फोडत बसलेली, नवरा नाही, मुलगा फौजेत, सून फौजेच्या क्वार्टरवर. त्यानं प्रश्न वाचला. बनुबाईनं टरफल बाजूला टाकलं आणि म्हणाली, "ज्योतिबाला." भरतेशनं मान हलवली. डोंगरावरच्या देवाचा या मुलखात केवढा आधार, हे मनातल्या मनात त्यानं अहवालाच्या भाषेत मांडूनही टाकलं. "देव सगळ्यांना सांभाळतो," तो आदरानं म्हणाला. बनुबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "आवं, देव न्हवं. दीर माजा. ज्योतिबा. त्यो काय, भिताडाच्या पल्याड." भिंतीपलीकडून कुणीतरी खाकरलं. "ह्यांच्याशी बरं आहे का तुमचं?" त्यानं विचारलं. "कशाचं बरं? बांध कोरलाय भाड्यानं. कोरटात हाय आमची केस. त्याचं त्वांड बगत न्हाई मी." "मग हाक त्यांनाच का?" ती जराशी चिडली. "मग कुनाला मारू? पोराला? त्यो तकडं बरफात. त्याला माजी हाक ऐकू याची हाय का?" परतताना गाडीत भरतेशला ही गोष्ट फार आवडली. तो ती सांगत सुटला. देव आणि दीर यांतला विनोद रंगवून सांगायचा. प्रत्येक वेळी माणसं हसायची आणि तोही हसायचा. त्यापुढे बनुबाईचं काय, हे त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं.

जयराजनं मात्र विचारलं, त्याच्या पद्धतीनं. "सर, कुंडलमध्ये निम्म्या लोकांचा आधार देव दिसतोय, आणि त्यातले खरे देव किती आणि दीर किती हे मला कळायला मार्ग नाही," तो म्हणाला होता. "दुसरं, ज्याच्यावर केस घातलीय त्याला आधार म्हणून कसं मोजायचं? बाहेरच्या विद्यापीठांशी तुलनाही होत नाही. लोकांना प्रश्नच कळलेला नाही. काढून टाकू या." त्याचं काही चुकत नव्हतं. भरतेश म्हणाला की ठीक आहे, बैठकीत मी तसं सांगतो. इतकं सहज तो म्हणाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. प्रकल्प वेळेत संपायला हवा होता, पुढच्या टप्प्याला मंजुरी हवी होती; एका वाक्यासाठी कोण अडून बसतो? आता बादलीवर उभं राहून त्याला वाटलं की लोकांना प्रश्न बरोबर कळला होता. तो फक्त लिहिणाऱ्याला कळला नव्हता. हा विचार त्याला चांगला वाटला, एखाद्या लेखाची सुरुवात म्हणून शोभेल असा, आणि लगेच स्वतःचीच चीड आली. माणूस कोंडलाय आणि हा लेखाच्या सुरुवाती करतोय.

तो खाली उतरून बादलीवर बसला. बाहेर फोन वाजला, बराच वेळ वाजला, टेबलावर घरघरत थोडा सरकलाही असावा. थांबला. पुन्हा वाजला. चष्म्याशिवाय समोरच्या फरशा एकमेकींत मिसळल्या होत्या. पांढऱ्यावर कुठं पिवळट, कुठं करडं. त्याला गावाकडची, समडोळीची गल्ली आठवली, का आठवली ते कळलं नाही. जैनांची गल्ली, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. त्यामुळे उन्हं कलली की घराघरांतून आया ओट्यावर यायच्या आणि हाकांना सुरुवात व्हायची. जिनपाऽऽल. चंदनेऽऽ. मळ्यात असलात, ओढ्यावर असलात, पत्र्याच्या शाळेमागं असलात तरी आपली हाक आपल्याला पोचायची. एकाच वेळी दहा-पंधरा नावं हवेत असायची आणि कुणाची चूक व्हायची नाही. त्याची आई 'भरतेश'मधला 'श' कधी उच्चारायची नाही, 'भरतेऽऽ' एवढंच लांबवायची आणि सोडून द्यायची. तो मुद्दाम दोन हाका अंगावरून जाऊ द्यायचा. तिसरीत राग असायचा, तेव्हा पळायचा. दोन हाका फुकट घालवायची ती चैन होती, एवढी की ती चैन आहे हे तेव्हा कळलंही नाही. पुढं शिकायला कोल्हापूर, मग नोकरी, मग हा फ्लॅट. इथं आल्यापासून त्याला कुणी नावानं हाक मारली नव्हती. सर म्हणतात. बेल वाजवतात. मेसेज टाकतात. त्यानं डोळे मिटले, तेव्हा कपाळावर घाम आहे हे जाणवलं. आंघोळीचं पाणी एव्हाना वाळलं होतं, म्हणजे हा घामच. हात किंचित कापत होते.

तो पुन्हा वर चढला. "कुणी आहे का? अहो! हेल्प!" 'हेल्प' म्हणताना लाज वाटली, पण म्हटलं. आणि तेवढ्यात खालच्या मजल्यावर, बरोबर त्याच्या पायाखाली, कुणीतरी घसा साफ केला. तो घसा भरतेशच्या ओळखीचा होता. सोसायटीच्या सभेत बोलायच्या आधी नाथाजी असाच घसा साफ करायचा.

नाथाजी म्हणजे खालच्या फ्लॅटमधला सुभेदार, फौजेतून निवृत्त, मूळचा खटावकडचा. दोन वर्षांपूर्वी तो वर आला होता आणि म्हणाला होता की तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्या छतातनं गळतंय, गिलावा पडतोय, काम करून घ्या. भरतेशनं नम्रपणे सांगितलं की पाइप सामाईक आहे. नाथाजीनं गवंडी आणून दाखवला. भरतेशनं सोसायटीला सविस्तर पत्र लिहिलं, मुद्देसूद, ज्यात त्याच्या बाथरूममधून गळती नाही हे इतक्या चांगल्या मराठीत सिद्ध केलं होतं की शेवटी त्याचाही त्यावर विश्वास बसला. सभेत आवाज चढले. नाथाजी म्हणाला, "शिकल्याली मानसं लबाड आसत्यात ह्ये ऐकून हुतो, आज बगितलं." त्या दिवसापासून जिन्यात समोर आले तरी दोघं भिंतीकडे बघत एकमेकांना वाट द्यायचे. इमारतीत इतकी कुटुंबं, पण भरतेशला कुणाचं नाव धड ठाऊक नव्हतं. समोरचे ते बँकवाले, वरचे ते डॉक्टर, गाडी आडवी लावतो तो. नाव ठाऊक होतं एकाचंच.

आधी त्याला दुसरी युक्ती सुचली. नळ पूर्ण सोडायचा. मोरीच्या जाळीवर पंचा दाबून पाणी तुंबवायचं. पाणी गळतीच्या कोपऱ्यात मुरेल, खाली टपटपायला लागेल आणि नाथाजी भांडायला धावत वर येईल. बोलावं लागणार नाही, नाव घ्यावं लागणार नाही. त्यानं नळावर हात ठेवलाही. मग लक्षात आलं की ही युक्ती आपल्याला सुचली याचा अर्थच असा, की पाणी कुठून कुठं जातं हे आपल्याला पक्कं माहीत आहे. पत्र लिहितानाही माहीत होतं. नळावरचा हात त्यानं काढून घेतला. त्याला लाज वाटली, साधी, शाळकरी पोराला वाटते तशी.

मग हाक. पण काय म्हणून मारायची? 'सुभेदारसाहेब' म्हटलं तर टोमणा वाटेल. 'अहो पाटील' म्हणावं तर तो पाटील नव्हता. 'काका' म्हणायला वय जवळपास सारखंच. दोन वर्षं मनातल्या मनात तो त्याला अरे-तुरेच करत आला होता, आणि त्यातही चांगलं असं काही म्हणत नव्हता. त्यानं ओठांनी नाव जुळवून पाहिलं. नाव सोपं होतं. घशातून वर येत नव्हतं एवढंच. पायाखालची बादली डगमगली. डोळ्यांपुढे बारीक काळे ठिपके नाचायला लागले. त्यानं झडपेची कड धरली आणि शेवटी जे तोंडातून निघालं ते त्याच्या नेहमीच्या आवाजात नव्हतंच, फार जुन्या कुठल्यातरी आवाजात होतं, शेवट लांबवलेला.

"नाथाजीराऽऽव!"

खालचा नळ बंद झाला. "ओऽऽ," नाथाजी म्हणाला. "आलो."

जिन्यावर पावलं वाजली. भरतेश खाली उतरून भिंतीला टेकून बसला, आणि पुढचं दारच बंद आहे, हा येणार कुठून, असं मनात येतंय तोवर बाहेर किल्ली फिरल्याचा आवाज आला. पावलं सरळ बाथरूमपाशी थांबली. "दारापास्नं लांब सरा." किल्ल्यांच्या जुडग्यातल्या पेचकसाची खटपट झाली, कुलपात काहीतरी टक्क वाजलं आणि दार उघडलं. नाथाजी बनियनवर होता, दाढीचा साबण अर्ध्या गालावर तसाच. त्यानं एकदा भरतेशच्या चेहऱ्याकडे पाहिलं, काही न विचारता स्वयंपाकघरात गेला, डबे आपटल्याचे आवाज आले आणि तो चमचाभर साखर घेऊन परतला. भरतेशनं ती खाल्ली. पाणी प्याला. थोड्या वेळानं हात थांबले.

"किती वेळ झाला हाका मारतोय," तो म्हणाला. तक्रार करायची नव्हती, पण सूर तसा लागला. "तुम्हाला ऐकू आलं नाही?"

"आलं की. पयल्यापास्नं येतंय."

"मग?"

"'कुनी आहे का, कुनी आहे का' म्हनत हुता. कुनी म्हंजी कोन? मी म्हनलं, आसंल दुसऱ्या कुनाला." नाथाजीनं गालावरचा साबण हातानं पुसला. "मला मारली, आलो." त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता आणि दुष्टपणाही नव्हता. मग त्याची नजर फरशीवरून कोपऱ्याकडे गेली आणि तिथं थांबली. भरतेशनं ती पाहिली.

"तिथूनच मुरतंय," भरतेश म्हणाला. "माझंच पाणी आहे ते."

"ठावं हाय."

"करून घेतो काम."

"घ्या," नाथाजी म्हणाला. इतकंच. दोन वर्षांचं भांडण संपताना काही मोठं घडेल असं भरतेशला वाटलं होतं, तसं काही घडलं नाही.

फोन पुन्हा वाजला. जयराज होता. बैठक सुरू झाली होती, सगळे एका मुद्द्यापाशी अडले होते, आणि हाकेचा प्रश्न वगळतोय असं सरांच्या वतीनं सांगून टाकू का, एवढंच त्याला विचारायचं होतं. "नको," भरतेश म्हणाला. "राहू दे तो." जयराज चकित झाला. "सर, पण कारण काय देऊ? आकडे तर जुळत नाहीत." भरतेशनं कारण शोधलं. पंचा सावरत, एका हातानं खुर्चीची पाठ धरून, त्यानं बरीच कारणं मनात आणली आणि त्यातलं एकही बैठकीत मांडण्याजोगं नव्हतं. "मी येतो दुपारपर्यंत. मी बोलतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. बोलता येईल की नाही याची त्याला खात्री नव्हती.

नाथाजी दाराकडे निघाला होता. त्याच्या हातातल्या जुडग्यातली एक पिवळी किल्ली तो बोटानं सुटी करून परत आत सरकवत होता, आणि तेव्हा कुठं भरतेशच्या डोक्यात प्रकाश पडला.

"किल्ली कुठली तुमच्याकडे?"

"वैनींनी दिल्याली."

"पुण्याला जाताना दिली होय?" त्याला जरा रागच आला. आपल्याला न विचारता. "मला बोलली नाही."

"छ्या, पुन्याला जाताना कशाची! लय दिस झालं." नाथाजी थांबला आणि आठवल्यासारखं करून म्हणाला, "आपलं भांडान झालं न्हवं का सभेत? त्याच्या दुसऱ्याच दिशी आल्या आमच्यात. आमची ही तर बोलायलाबी तयार न्हवती. तर म्हनल्या, ही किल्ली ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. ह्यांना दुसरं कुनी न्हाई."

दुधाचा भाव सांगावा तसं त्यानं ते सांगितलं. दाराला अडकवलेली दुधाची पिशवी काढून टेबलावर ठेवली, मागं वळून बघितलं. "खाऊन घ्या काय आसंल ते. का आमच्यातनं काय आनू?"

भरतेशला 'नको' म्हणायचं होतं. त्यानं पोह्यांवरचं झाकण काढलं आणि दुसरी खुर्ची नाथाजीसाठी ओढली.